कोण पाहतो, कोण दिसतो?

मिलिंद बोकील यांची 'शाळा' (२००४) ही कादंबरी आणि नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) हा चित्रपट आपल्यापैकी अनेकांनी वाचला-पाहिला असेल. चर्चा निघते ती बहुतेक वेळा पहिल्या प्रेमाची. माझ्या मते दोन्हींत प्रेमाइतकाच महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे : पाहायचा अधिकार कोणाला, आणि कोणाला नुसतं दिसत राहावं लागतं?

'शाळा'मधला मुकुंद जोशी नववीत आहे. काळ आणीबाणीचा. त्याची टोळी एका अर्धवट बांधलेल्या इमारतीत जमते. तिथून रस्त्यानं जाणाऱ्या मुली दिसतात, मुलं मात्र कोणाला दिसत नाहीत. ही इमारत म्हणजे अर्धवट वयाचं प्रतीक, असं सहज म्हणता येतं. पण तिथं आणखी एक गोष्ट आहे. निवांत बसून, लपून पाहता येणं ही एक सवलत आहे.

'फँड्री'तल्या जब्याला ती मिळत नाही. तो कैकाडी घरातला. फँड्री म्हणजे कैकाडी बोलीत डुक्कर, आणि तोच शब्द त्याला चिडवायला वापरला जातो. शाळेजवळ घरची सगळी माणसं डुकरामागं धावतात आणि गाव मजा बघतं. बघणाऱ्यांत वर्गातली मुलं आहेत, त्याला आवडणारी शालूही आहे. जब्याही लपतो, पण आपण कोणाला दिसू नये म्हणून! पकडलेलं डुक्कर नेताना मागच्या भिंतीवर बाबासाहेब आणि सावित्रीबाईंची चित्रं असतात. भिंतीवर समता, भिंतीसमोर जब्याचं कुटुंब. याहून वेगळं भाष्य दिग्दर्शकाला करावं लागत नाही.

आता परभणी, जिंतूर, पाथरीच्या शाळा-कॉलेजांकडे बघा. आपली मुलं काय लपवतात? वस्तीचं नाव, अब्बांचा धंदा, घरातली दखनी बोली, कधी डबासुद्धा. बाहेरच्या नजरेबद्दल आपण बोलतो, आणि बोललंच पाहिजे. पण आपल्या नजरेचं काय? "आपल्यात जातपात नाही" असं म्हणणाऱ्या घरात रिश्ता ठरवताना बिरादरी विचारली जाते. कसाई, पिंजारी, फकीर हे शब्द हिणवायला वापरले जातात. मशिदीत एका सफमध्ये उभे राहणारे दोघे लग्नाच्या दावतीत एका दस्तरखानवर बसतीलच असं नाही. जालन्याच्या शब्बीर अन्सारींना मुस्लिम ओबीसींची चळवळ उभारावी लागली, ती काही उगाच नाही.

म्हणून प्रतीकं ही केवळ परीक्षेत पाच मार्कांसाठी शोधायची गोष्ट नाही. काळी चिमणी, अर्धवट इमारत, शाळेची भिंत या लेखकानं आकाशातून आणलेल्या वस्तू नाहीत. त्या रोजच्या जगण्यातल्याच आहेत. आपल्या मोहल्ल्यातही अशा वस्तू आहेत : पंक्चरच्या दुकानातलं पाण्याचं टब, पिंजाऱ्याची कमान, इंग्रजी शाळेच्या बसची वाट पाहणाऱ्या मुलांशेजारून पायी उर्दू शाळेला जाणारी मुलगी. त्यांच्यावर मराठीत लिहायला हवं, आणि ते आपणच लिहायला हवं.

लिहिताना मात्र एक पथ्य पाळू या. आपण जब्या असल्याचं लिहूच, पण आपण कुठं कुठं बघ्यांच्या गर्दीत उभे होतो, तेही लिहू.