मेख आहे ती धरण्यात!

बटाट्याचे वेफर्स करायचे, तर बटाटा किसणीवर सरळ धरावा लागतो. हात जरा तिरका झाला, की चकत्या बिघडल्याच म्हणून समजा. संगणकाच्या आणि मोबाइलच्या चिपाही वेफरवरच तयार होतात. फक्त हा वेफर सिलिकॉनच्या स्फटिकाचा असतो. ३०० मिलिमीटर व्यासाच्या अशा चकतीची जाडी असते जेमतेम पाऊण मिलिमीटर!

हा स्फटिक वाढवण्याच्या पद्धतीचे मूळ यान चोख्राल्स्की या पोलिश शास्त्रज्ञाच्या १९१६ सालच्या शोधात आहे. त्यांनी चुकून दौतीऐवजी वितळलेल्या कथलात टाक बुडवला आणि टाकाबरोबर धातूचा बारीक धागा वर आला, अशी आख्यायिका सांगतात. सिलिकॉन १४१४ अंश सेल्सिअसला वितळते. त्या रसात स्फटिकाचा छोटा तुकडा टेकवून तो फिरवत फिरवत सावकाश वर ओढतात. त्याला लगडून एक मोठा दंड तयार होतो. त्याला म्हणतात इंगट.

इंगट दिसतो गोल, पण नेमका गोल नसतो. कुठे फुगीर, कुठे बारीक, अंगावर उभ्या कडा. निमुळती टोके कापून झाली, की त्याला लेथसारख्या यंत्रावर चढवून घासून एकसारखे गोल करतात. खरी परीक्षा येथेच असते.

लोखंडाचा तुकडा टर्नर चकच्या जबड्यात आवळून धरतो. सिलिकॉनला तसे आवळले, तर ते टवके उडून तडकते. ढिले धरले, तर घासताना निसटते. ३०० मिलिमीटर व्यासाच्या एक मीटर लांब इंगटाचे वजन भरते सुमारे १६५ किलो! म्हणून तो दोन्ही सपाट टोकांवर बेताचा दाब देऊन, दोन आधारांच्या मध्ये धरतात. प्रयोगशाळेतले लहान स्फटिक तर गरम मेणाने धातूच्या चकतीवर चिकटवतात. काम झाले, की पुन्हा गरम करून सोडवून घेतात.

पण धरणे म्हणजे अर्धेच काम. इंगटाचा मध्य यंत्राच्या मध्याशी जुळायला हवा. समजा, इंगट ३०४ मिलिमीटरचा आहे आणि हवा आहे ३०० मिलिमीटरचा. म्हणजे चहूबाजूंनी शिल्लक फक्त दोन मिलिमीटर. मध्य तीन मिलिमीटर सरकला, तर एका बाजूला एक मिलिमीटर माल कमीच पडतो! तिरकेपणा तर आणखी घातक. एक मीटर लांबीत एका अंशाचा फरक पडला, तर दुसरे टोक १७ मिलिमीटर बाजूला जाते. म्हणून इंगट आधी हळूहळू फिरवतात, ठिकठिकाणी माप घेतात, फरक पाहून सरकवतात आणि पुन्हा मोजतात. मग हिऱ्याची पूड बसवलेले चाक पाण्याच्या धारेखाली त्याच्या अंगावरून फिरते. चंदनाचे खोड सहाणेवर उगाळावे तसे; फक्त येथे सहाणच फिरते आणि खोडही!

एवढ्यानेही भागत नाही. स्फटिकात अणूंच्या रांगा ठरावीक दिशेने असतात आणि त्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्या शोधायला क्ष-किरण लागतात. स्फटिकावरून ते ठरावीक कोनातच परततात, हे ब्रॅग पितापुत्रांनी दाखवून दिले. त्यासाठी १९१५ साली दोघांना मिळून नोबेल पारितोषिक मिळाले. ती दिशा सापडली, की इंगटाच्या अंगावर उभी खाच पाडतात. पुढे चकत्या पाडल्यावर प्रत्येकीच्या कडेला ती खाच राहते आणि अणूंच्या रांगा कोणत्या दिशेने आहेत, हे यंत्राला सांगते.

घासून गेलेले सिलिकॉन परत चिकटवता येत नाही. इतक्या खटपटीने वाढवलेला स्फटिक एका चुकीच्या पकडीने त्या मापाच्या कामातून बाद होऊ शकतो. म्हणूनच चाक सुरू करण्याची घाई येथे कोणी करीत नाही. आधी मोजायचे, मग धरायचे, पुन्हा मोजायचे आणि मगच बटण दाबायचे!