शोध घेऊ या, संशय नको

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यातली गोष्ट. माझी धाकटी बहीण संध्याकाळी आमच्या घरामागच्या टेकडीवर धावायला गेली. रोज साडेसातपर्यंत परत येते. त्या दिवशी नऊ वाजले तरी पत्ता नाही आणि फोन बंद. अम्मी जानमाजवर बसली. अब्बा, मी आणि शेजारचे दोघे टॉर्च घेऊन निघालो. निघताना मी सोसायटीच्या आणि नातेवाइकांच्या अशा दोन्ही व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तिचा फोटो टाकला.

पाऊण तासात ती सापडली. उतरताना पाय मुरगळला होता, फोनची बॅटरी संपली होती. टेकडीच्या मागच्या फाटकावरच्या वॉचमनने तिला बाकावर बसवून पाणी दिलं होतं. एवढंच झालं होतं.

घरी आल्यावर तिने माझ्या हातातून फोन घेतला आणि दोन्ही ग्रुप वाचून काढले. सोसायटीच्या ग्रुपवर शंभरच्या वर मेसेज होते. त्यातले तीन-चार कामाचे: कुठल्या वाटेने जाते, टी-शर्ट कुठल्या रंगाचा होता, मी बाईक काढतोय. बाकीचे असे: "घरी काही भांडण झालं होतं का?" "त्यांच्यात लवकर लग्न ठरवतात, पळून गेली असेल." नातेवाइकांच्या ग्रुपवरही वेगळं काही नव्हतं. "कुणा मुलाशी बोलत होती का?" "तरी मी सांगत होतो, जवान मुलीला एकटीला धावायला कशाला पाठवता." बाहेरच्यांनी आमच्या धर्मावर बोट ठेवलं, घरच्यांनी तिच्या चारित्र्यावर. बहीण एवढंच म्हणाली, "भाई, हे मला शोधत होते की माझ्यात काही सापडतंय का ते?"

पाय पंधरा दिवसांत बरा झाला. टेकडीवर ती त्यानंतर सहा महिने गेली नाही.

त्या रात्री मला आठवली ती अमेरिकेतली मॉली टिबेट्स. तिची बातमी मी २०१८ साली रोज वाचत होतो, कारण तेव्हा मी नुकताच धावायला लागलो होतो. तिच्या बाबतीत जे घडलं ते आपण मुस्लिम तरुणांनी नीट समजून घ्यावं असं मला वाटतं. त्यात बाहेरच्यांना दाखवायचा आरसा आहे, तसा आपल्यालाही आहे.

मॉली वीस वर्षांची, आयोवा विद्यापीठाची विद्यार्थिनी. १८ जुलै २०१८ च्या संध्याकाळी ब्रुकलिन नावाच्या गावातून धावायला निघाली. हे न्यूयॉर्कचं ब्रुकलिन नव्हे. आयोवा राज्यातलं, मक्याच्या शेतांनी वेढलेलं, दीड हजारांच्या आसपास वस्तीचं गाव. ती परतली नाही. दुसऱ्या दिवशी कामावर आली नाही तेव्हा शोध सुरू झाला.

गाव खरोखर बाहेर पडलं. शेकडो माणसांनी मक्याची शेतं, नाले, ओसाड घरं पायी तुडवली. घराघरांवर, दुकानांवर तिच्या फोटोची पत्रकं लागली. माहिती देणाऱ्यासाठी जमलेलं बक्षीस साडेतीन लाख डॉलरच्या वर गेलं. पोलिसांनी संकेतस्थळ काढून नकाशावर पाच ठिकाणं दाखवली आणि लोकांना विचारलं, त्या संध्याकाळी तुम्ही इथे होता का, काय पाहिलं?

याच पाच आठवड्यांत तर्कांचाही बाजार भरला होता. तिच्या मित्रावर संशय घेतला गेला; तो त्या दिवशी दुसऱ्या शहरात कामावर होता. एका डुक्करपालकाच्या जमिनीची झडती झाली आणि त्याच्या दारात कॅमेरे जाऊन उभे राहिले. त्याचा काही संबंध नव्हता. शेजारच्या मिसुरी राज्यात ती कुणाला तरी 'दिसली'. खुद्द तिच्या वडिलांनाही वाटत होतं की ती ओळखीच्या कुणाबरोबर तरी असावी. बापाचा तर्क होता, आशेतून आलेला. तोही चुकला.

खरी वाट सापडली ती एका साध्या गोष्टीतून. एका रहिवाशाच्या घरावरच्या कॅमेऱ्यात त्या संध्याकाळी एक काळी गाडी त्याच रस्त्यावर पुन्हा पुन्हा ये-जा करताना दिसली. पुढे तशी गाडी एका पोलिसाच्या नजरेस पडली. २१ ऑगस्टला मक्याच्या शेतात मॉलीचा मृतदेह मिळाला. २०२१ च्या मे महिन्यात ज्युरीने आरोपीला खुनाबद्दल दोषी ठरवलं आणि त्याला पॅरोलशिवाय जन्मठेप झाली.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. रात्री दोन वाजता सर्व्हर बंद पडला की मीटिंगमध्ये सगळ्यांना एकच प्रश्न पडतो: कुणी केलं? अनुभवी माणूस म्हणतो, थांबा, आधी लॉग बघू. काय झालं ते आधी, कुणामुळे ते नंतर. ब्रुकलिनचा कॅमेरा म्हणजे तो लॉग होता. तर्क करणारे हजारो होते. ज्याच्या हाताशी चित्रफीत होती, त्याने ती पोलिसांना दिली आणि काम झालं.

कॅलिफोर्नियातही हेच दिसलं. १० जुलै २०२१ ला प्लेझंटन गावाजवळच्या डोंगराळ उद्यानात ३७ वर्षांचा एक धावपटू भर उन्हात धावायला गेला आणि परतला नाही. शेकडो स्वयंसेवक डोंगर धुंडाळत राहिले, त्यांत बरेचसे स्वतः धावणारे होते. कोण कुठली वाट चालून आला याच्या जीपीएस नोंदी नकाशावर एकत्र केल्या, म्हणजे राहिलेली जागा कळावी. तर्क तेव्हाही कमी नव्हते. पोलिसांची मोठी मोहीम आवरती घेतल्यावरही ही माणसं चालत राहिली. ३ ऑगस्टला मृतदेह सापडला तो एका स्वयंसेवकालाच. घातपाताचा पुरावा नव्हता. घरच्यांना निदान उत्तर मिळालं, आणि ते पायी चालणाऱ्यांनी मिळवून दिलं.

आता अवघड भागाकडे येतो. मॉलीच्या प्रकरणात पकडला गेलेला तरुण मेक्सिकोहून आलेला होता, कागदपत्रांशिवाय राहणारा, एका डेअरीवर काम करणारा. पाच आठवडे गुन्हेगाराला चेहरा नव्हता. तो मिळताच त्याचा चेहरा एका माणसाचा राहिला नाही, सगळ्या स्थलांतरितांचा झाला. त्याच संध्याकाळी राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी सभेत ही बातमी सांगितली. राज्याच्या गव्हर्नरनी मोडकळीला आलेल्या स्थलांतर व्यवस्थेला दोष दिला. तो ज्या डेअरीत काम करत होता तिथे धमक्या आल्या. काल मॉलीला शोधायला मक्यात उतरलेल्यांना आज कुणी विचारत नव्हतं. प्रश्न फक्त 'त्यांना' हाकलण्याचा उरला होता.

हे वाचताना तुमच्या पोटात जे हललं, ते माझ्याही हललं होतं. खरं सांगा, एखाद्या खुनाची, अपहरणाची बातमी आली की आपण आधी काय वाचतो? नाव. आरोपीचं नाव कळेपर्यंत आपण मनात म्हणत असतो, या अल्लाह, आपल्यातला नसू दे. नाव दुसरं निघालं की सुटकेचा श्वास टाकतो. आणि त्या सुटकेच्या श्वासात मेलेली मुलगी कुठे असते? ती नसतेच. द्वेष पसरवणारा तिला विसरतो, तसे आपणही विसरतो. कारण वेगळं असतं, त्याला सत्ता हवी असते आणि आपल्याला जीव मुठीत धरून जगायचं असतं. पण विसरतो दोघेही.

म्हणून मला वाटतं, आपली भूमिका 'बघा, आरोपी आपला नाही' यावर उभी राहता कामा नये. कधीतरी तो आपल्यातला निघेल. इतक्या कोटी माणसांत गुन्हेगार नसतील असं कसं होईल? त्या दिवशी आपण काय बोलणार? तेव्हाही बोलता येईल असंच आज बोलायला हवं: गुन्हा एकाचा, शिक्षा एकाला, आणि अश्रू सगळ्यांचे.

हे मॉलीच्या वडिलांनी करून दाखवलं. मुलीच्या अंत्यविधीला त्यांनी आयोवातल्या हिस्पॅनिक लोकांना आपलं म्हटलं. सप्टेंबरच्या पहिल्याच दिवशी तिथल्या 'डी मॉइन रजिस्टर' या वर्तमानपत्रात लेख लिहून त्यांनी सांगितलं की माझ्या मुलीला जे विचार वंशद्वेषी वाटत होते, त्यांच्या प्रचारासाठी तिचं नाव वापरू नका. मॉलीच्या आईने तर आणखी पुढचं पाऊल उचललं. त्याच डेअरीवर काम करणारं एक मेक्सिकन जोडपं या सगळ्यानंतर गाव सोडून गेलं. त्यांचा मुलगा हायस्कूलला होता, मॉलीच्या भावाचा मित्र. शाळा पूर्ण करायची म्हणून त्याला गावातच राहायचं होतं. तिने त्याला आपल्या घरी ठेवून घेतलं. ज्यांचं सर्वस्व गेलं त्यांनी द्वेष नाकारला. ज्यांचं काहीच गेलं नव्हतं ते तो वाटत फिरत होते.

त्याच जुलै महिन्यात आपल्या महाराष्ट्रात काय घडलं, तेही आठवा. १ जुलै २०१८, धुळे जिल्ह्यातलं राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवरून फिरत होती. आठवडी बाजाराच्या दिवशी जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. त्यांनी कुणाचंही मूल पळवलं नव्हतं. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचपेक्षा जास्त ठिकाणी पुढे पाठवता येणार नाही अशी मर्यादा जाहीर केली. इंजिनिअर म्हणून सांगतो, असा बदल करणं अवघड नसतं. पण तो फक्त वेग कमी करतो. मेसेज पुढे ढकलणारा अंगठा आपलाच असतो.

आणि हा अंगठा फक्त 'त्यांचा' नाही. माझ्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणी दंगलखोर नव्हतं. बहिणीवर जीव टाकणारी माणसं होती ती. तरीही पाऊण तासात त्यांनी तिच्यावर खटला चालवला. आपल्यावर देशभर संशय घेतला जातो याचं दुःख आपल्याला चांगलं कळतं. मग घरातली मुलगी दीड तास उशिरा आली तर आपण तिच्याशी तसंच का वागतो? 'एकटी का गेली' हा प्रश्न मॉलीबद्दलही विचारला गेलाच होता. ती गेली कारण संध्याकाळ होती, रस्ता ओळखीचा होता आणि तिला धावायला आवडत होतं. दोष तिच्या धावण्याचा नव्हता.

मग करायचं काय? मी आमच्या मोहल्ल्यातल्या मुलांशी बोलून चार गोष्टी ठरवल्या आहेत. माणूस हरवला की लगेच पोलिसांकडे जायचं, नाहीतर ११२ ला फोन करायचा. 'चोवीस तास थांबा' असा कायद्यात कुठेही नियम नाही. तसं कुणी सांगितलं तर ऐकायचं नाही. ग्रुपवर टाकायचं ते फक्त कामाचं: अलीकडचा फोटो, कपडे, शेवटी कुठे आणि किती वाजता दिसली, आणि घरच्या एकाच माणसाचा नंबर. कुणाला काही दिसलं असेल तर ते त्या नंबरवर किंवा पोलिसांना सांगायचं, ग्रुपवर चर्चा नाही. सीसीटीव्ही असेल त्या दुकानदाराकडे त्याच रात्री जायचं, कारण जुनं चित्रण काही दिवसांत आपोआप पुसलं जातं. आणि माणूस सापडला की फोटो काढून टाकायचा, बाकीच्यांनाही काढायला सांगायचं. सापडलेल्या मुलीला पुढे गल्लीत, कॉलेजात जगायचं असतं.

एक पाचवी गोष्ट, तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. हरवलेली मुलगी आपली असो वा नसो, शोधायला आपण निघायचं. आरोपीचं नाव कळण्याआधी, आडनाव न विचारता. आपण चांगले आहोत हे कुणाला दाखवण्यासाठी नाही. टॉर्च आपल्याकडेही आहे, आणि रात्री टेकडीवर एक माणूस कमी असला तर तेवढी जागा शोधायची राहून जाते, म्हणून.

माझ्या बहिणीला बाकावर बसवून पाणी देणाऱ्या वॉचमनने तिचं नाव विचारलं नव्हतं. पाय कुठे दुखतोय, एवढंच विचारलं होतं. मागच्या महिन्यात ती पुन्हा टेकडीवर जाऊ लागली. आता मीही बरोबर जातो, पण राखण म्हणून नाही. ती माझ्यापेक्षा वेगाने धावते, मी मागे राहतो, आणि फाटकाशी पोचतो तेव्हा ती त्याच बाकावर बसून वॉचमनचाचांशी गप्पा मारत असते.