बातमी लिहिणे ही विद्या आहे

मुलगा वैद्यकी शिकू लागला म्हणजे आपल्या घरांत देवापुढे नारळ ठेवतात; तो विद्यापीठात वृत्तपत्रविद्या शिकणार म्हटले की घर गप्प होते. 'पत्रकार जन्मावा लागतो, शाळेत घडत नाही,' असे कोणी वडीलधारे म्हणतात आणि विषय मिटतो. तो असा मिटू नये, असे आम्हांस वाटते.

या मताचे पुरस्कर्ते पूर्वसूरींचे दाखले देतात. १८३२ साली 'दर्पण' काढणारे बाळशास्त्री कोणत्या वृत्तविद्यालयात गेले होते? १८८१ साली 'केसरी' काढणाऱ्यांपाशी कोणती पदविका होती? प्रश्न बिनतोड वाटतो, पण अर्धवट आहे. बाळशास्त्री गणिताचे अध्यापक होते, टिळक कायद्याचे पदवीधर, आगरकर एम. ए. पुराव्यावाचून न बोलण्याची शिस्त त्यांनी अन्य शास्त्रांतून आणली होती. ती कोठूनच न आणणाऱ्याने त्यांच्या नावाआड लपू नये.

काही वर्षांपूर्वी गोव्यातील एका देवस्थानाच्या दाव्यात आमचे वकीलपत्र होते. न्यायालयाने पुढील तारखेपर्यंत 'जैसे थे' स्थिती ठेवण्यास सांगितले. दुसऱ्या दिवशी एका पत्राने मथळा दिला : अमुक पक्षाची सरशी! निकाल लागलाच नव्हता. जत्रा चार दिवसांवर आली होती. पालखीस खांदा कोणी द्यावा यावरून सख्ख्या भावांत अबोला धरला गेला, तो अद्याप सुटलेला नाही.

आम्ही त्या वार्ताहरास भेटलो. मुलगा प्रामाणिक होता. पण अंतरिम हुकूम आणि निकाल यांतील भेद त्यास कोणी सांगितला नव्हता. महाजन कोणास म्हणावे, १९३३ सालच्या पोर्तुगीज नियमावलीचा अंमल आपल्या देवस्थानांवर अजून कसा चालतो, मामलेदाराचा तेथे अधिकार काय, हे त्याने कधी ऐकले नव्हते. दोष त्याचा नव्हे. न शिकविता त्यास धाडणाऱ्यांचा.

बदनामीचा कायदाच पाहा. पूर्वी तो दंडविधानात होता. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या ३५६ व्या कलमात आहे. 'लिहिले ते खरे आहे' एवढा बचाव तेथे पुरत नाही. ते प्रसिद्ध करणे लोकहिताचे होते, हेही दाखवावे लागते. हे ज्ञान प्रतिभेने स्फुरत नाही. ते शिकावे लागते.

जगाने हे केव्हाच ओळखले. अमेरिकेत मिसूरी विद्यापीठाने १९०८ साली वृत्तविद्यालय काढले. आपल्याकडे लाहोरास १९४१ साली, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात १९५४ साली आणि पुण्यास १९६४ साली हे शिक्षण सुरू झाले. सोय दाराशी आली. उंबरठा आपण ओलांडला नाही.

विद्यापीठांनाही आम्ही मोकळे सोडणार नाही. जेथे संज्ञापनाचे परकीय सिद्धांत पाठ करवितात, कॅमेऱ्यापुढे उभे राहावयास शिकवितात, पण कोर्टात, ग्रामसभेत वा देवस्थानाच्या बैठकीत विद्यार्थ्यास एक दिवस बसवीत नाहीत, तेथे पदवी मिळते, विद्या मिळत नाही. स्वभाषेत चार निर्दोष वाक्ये ज्यास लिहिता येत नाहीत, त्याने लोकांचे म्हणणे लोकांपुढे कसे मांडावे?

मुलखाबाहेरच्या मराठी घरांना ही परंपरा परकी नाही. काशीच्या 'आज'चे संपादक बाबूराव पराडकर आणि १९०० साली 'छत्तीसगढ मित्र' काढणारे माधवराव सप्रे अशाच घरांतले. हिंदी वृत्तपत्रसृष्टीचा पाया रचणाऱ्यांत त्यांची गणना होते.

म्हणून देवस्थान समित्यांना आमचे सांगणे एवढेच : उत्सवातील एका रात्रीच्या आतषबाजीचा खर्च वाचवा आणि त्यातून दरवर्षी एका मुलास वा मुलीस ही विद्या शिकवा. अट एकच घाला. त्याने मराठीत वा कोंकणीत लिहावे, आणि लिहिण्यापूर्वी दोन्ही बाजू ऐकाव्यात. मग त्यांतील एक बाजू आपल्याच समितीची का असेना.