भिंतीसाठी नको, गळ्यासाठी घ्या!

तुमच्या ग्रुपमध्ये एक तरी संगीत नाटकवेडा असेलच. २०१५ मध्ये आलेला ‘कट्यार’ सिनेमा बघून थेट मूळ नाट्यपदांपर्यंत पोहोचलेला. त्याच्या बर्थडेला आपण काय देतो? बालगंधर्वांचा फोटो छापलेला मग. दिसतो भारी, पण त्यात शेवटी चहाच प्यायचा!

माझं म्हणणं सरळ आहे, गाता येईल असं काहीतरी द्या. नाट्यपदांचं पुस्तक घेताना आधी उघडून बघा. नुसते शब्द आहेत की स्वरलिपीसुद्धा? राग-ताल दिलेत का? मित्र पेटी वाजवत असेल तर नुसत्या शब्दांवर त्याचं भागणार नाही. जुनी तबकडी घ्यायचीय? आधी त्याच्या घरी प्लेअर आहे का ते विचारा.

आणि खरा खजिना दुकानात नाही, आजोबांच्या कपाटात असतो. जुन्या पदांच्या पुस्तिका, तिकिटं, जाहिराती. दिवाळीच्या साफसफाईत आपणच त्या किलोवर रद्दीत घालतो. १८८० च्या ‘संगीत शाकुंतल’मध्ये दोनशेच्या आसपास पदं होती. त्यातली आज किती ऐकू येतात? बाकीची कागदावरच उरलीत. जुन्या पुस्तिकांत पदाच्या डोक्यावर ‘चाल’ छापलेली असते. तो कागद गेला, की पद कसं गायचं याचा धागाच तुटतो.

म्हणून यंदा रद्दीवाला येण्याआधी कपाट उघडा. काही सापडलं तर फ्रेम करू नका. गाणाऱ्याच्या हातात द्या.