खटला भरायचा की नाही, हे कोणी ठरवायचे?

अमेरिकेचे अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांनी ५ मे १९५० रोजी तिन्ही दलांसाठी एकच अशा लष्करी न्यायसंहितेवर सही केली. त्यानंतर पंधरा दिवसांनी, २० मे १९५० ला, भारताचा आर्मी ॲक्ट मंजूर झाला. दोन्ही देशांनी इंग्रजांची सत्ता झुगारून दिली होती, दोघांकडेही स्वतःची राज्यघटना होती. तरी इंग्रजी फौजेच्या नियमांतली एक गोष्ट दोघांनीही जपून ठेवली. फौजेतल्या माणसाने गुन्हा केल्याची तक्रार आली, तर पुढे काय करायचे हे प्रामुख्याने त्याचा कमांडर ठरवणार.

रसद चोरली किंवा पहाऱ्यावर झोप काढली, इथवर हे चालून जाते. लैंगिक अत्याचाराच्या तक्रारीत मात्र आरोपी आणि तक्रारदार बहुधा एकाच युनिटमध्ये असतात, एकाच मेसमध्ये जेवतात. निर्णय ज्याच्या हाती, त्यानेच आरोपीचा गोपनीय अहवाल वर्षानुवर्षे ‘उत्कृष्ट’ म्हणून लिहिलेला असतो. युनिटचे नाव खराब झाले तर त्याचीही बढती अडते. असा माणूस कितीही सज्जन असला, तरी या प्रकरणात तो त्रयस्थ नसतो. एवढी साधी गोष्ट कायद्यात उतरायला अमेरिकेला शंभराहून अधिक वर्षे लागली.

हा वाद सुरू झाला तो बलात्काराच्या प्रकरणावरून नव्हे. ऑगस्ट १९१७ मध्ये टेक्सासमधल्या ह्यूस्टनला वर्णद्वेषाला कंटाळलेल्या काळ्या सैनिकांच्या तुकडीने बंड केले. ११ डिसेंबरच्या पहाटे तेरा जणांना फाशी देण्यात आली. निकालाचा कागद वॉशिंग्टनला पाठवून तपासून घेण्याची गरजच स्थानिक कमांडला वाटली नाही. लष्कराच्या विधी खात्याचे कार्यवाहक प्रमुख सॅम्युएल अँसेल यांना हे कळले तेव्हा माणसे गाडली गेली होती. अँसेल यांनी मग आपल्याच वरिष्ठांविरुद्ध, जनरल एनॉक क्राउडर यांच्याविरुद्ध, उघड भांडण मांडले. कोर्ट मार्शल हे न्यायालय असेल तर ते कमांडरच्या हुकमतीखाली असता कामा नये, असे त्यांचे म्हणणे होते. क्राउडर यांचे उत्तर होते शिस्त. कमांडरच्या हातून शिक्षेचा अधिकार काढला तर फौज ही फौज राहणार नाही. १९२० मध्ये कायदा थोडासा बदलला. अँसेल तोवर गणवेश उतरवून वकिली करू लागले होते.

दुसऱ्या महायुद्धात या व्यवस्थेचे खरे रूप दिसले. सुमारे वीस लाख कोर्ट मार्शल झाले. युरोपच्या आघाडीवर अमेरिकेने आपल्या ७० सैनिकांना देहदंड दिला. त्यांतले बहुतेक बलात्कार किंवा खुनाच्या आरोपाखालचे होते, आणि बहुतेक काळे होते, जरी फौजेत काळ्यांचे प्रमाण दहा टक्क्यांच्या आसपासच होते. तेव्हा ‘लष्कराला बलात्काराचा खटला चालवता येत नाही’ हे म्हणणे खोटे आहे. चालवता येत होता, आणि फार भराभर चालवता येत होता. फक्त आरोपी कोण, त्याचा हुद्दा कोणता, त्याच्या पाठीशी कोण, यावर सारे अवलंबून होते. युद्धावरून परतलेल्या लाखो जवानांनी या न्यायाविषयी इतक्या तक्रारी केल्या की संहितेचा मसुदा करायला हार्वर्डचे प्राध्यापक एडमंड मॉर्गन यांना बोलवावे लागले. हे तेच मॉर्गन, जे तरुणपणी अँसेल यांच्या हाताखाली काम करत होते. त्यांनी अपिलासाठी नागरी न्यायाधीशांचे न्यायालय आणले, आरोपीला प्रशिक्षित वकील मिळवून दिला. खटल्याची चावी मात्र कमांडरच्या खिशातून काढणे त्यांनाही जमले नाही. तडजोड झाली आणि ती पुढची सत्तर वर्षे टिकली.

संहिता आली त्याच वर्षी, डिसेंबर १९५० मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने फेरेस खटल्यात दुसरा दरवाजाही लावून घेतला. सेवेच्या ओघात झालेल्या इजेबद्दल सैनिकाला सरकारवर नुकसानभरपाईचा दावा करता येणार नाही, असा तो निकाल. पुढे २०११ मध्ये लष्करातल्या काही स्त्री-पुरुषांनी बलात्काराच्या तक्रारी दडपल्याबद्दल माजी संरक्षणमंत्र्यांविरुद्ध दावा लावला, तेव्हा अशाच तर्काने तो फेटाळण्यात आला.

सप्टेंबर १९९१. लास व्हेगासच्या हिल्टन हॉटेलात नौदलाच्या वैमानिकांच्या टेलहुक संघटनेचा वार्षिक मेळावा भरला होता. आखाती युद्ध जिंकून आलेली ही मंडळी. तिसऱ्या मजल्याच्या बोळात पुरुष दुतर्फा उभे राहायचे आणि मधून जाणाऱ्या बाईवर हात टाकायचे. संरक्षण खात्याच्या महानिरीक्षकांनी नंतर मोजले तेव्हा ८३ स्त्रिया आणि ७ पुरुष अत्याचाराचे बळी ठरले. त्यांत पॉला कॉफलिन ही हेलिकॉप्टर वैमानिक होती, एका ॲडमिरलची सहायक. तिने आपल्या साहेबाला सांगितले. काही घडले नाही. नौदलाने स्वतःचा तपास केला, शेकडो जबाब घेतले आणि संशयित निघाले दोन. जून १९९२ मध्ये कॉफलिन नाव लपवायचे सोडून दूरचित्रवाणीवर बोलली आणि नौदलमंत्र्यांना जावे लागले. १४० अधिकाऱ्यांच्या फायली कारवाईसाठी पाठवल्या गेल्या. कोर्ट मार्शलमध्ये त्यांतला एकही दोषी ठरला नाही.

त्याहून बोलका आहे तो फेब्रुवारी १९९४ चा निकाल. नौदलाच्याच न्यायाधीशाने, कॅप्टन विल्यम व्हेस्ट यांनी, तीन अधिकाऱ्यांवरचे खटले रद्द केले. का? तर नौदलप्रमुख ॲडमिरल फ्रँक केल्सो स्वतः त्या मेळाव्यात हजर होते, तिथले गैरप्रकार त्यांनी पाहिले होते, आणि खटल्यांची यंत्रणा त्यांनी स्वतःला वाचवेल अशा रीतीने बसवली, असा न्यायाधीशांचा निष्कर्ष होता. केल्सो यांनी तो नाकारला. सिनेटने ५४ विरुद्ध ४३ मतांनी त्यांना चारही तारे आणि पूर्ण पेन्शनसह निवृत्त होऊ दिले. कॉफलिनने त्याच वर्षी नौदल सोडले.

पुढची वीस वर्षे मी झटपट ओलांडतो, कारण त्यांत नवे काही नाही. १९९६ मध्ये ॲबर्डीनच्या प्रशिक्षण केंद्रातले ड्रिल सार्जंट, २००३ मध्ये हवाई दलाची अकादमी, मग लॅकलँडचा तळ. दर वेळी समिती, हेल्पलाइन, भिंतीवर पोस्टर आणि ‘अजिबात खपवून घेणार नाही’ हे वाक्य. संरक्षण खात्याच्याच पाहणीनुसार २०१२ या वर्षात सुमारे २६,००० जणांवर लैंगिक अत्याचार झाले आणि तक्रारी नोंदल्या गेल्या ३,३७४. या २६,००० मध्ये निम्म्याहून अधिक पुरुष होते. लष्करात हा ‘बायकांचा प्रश्न’ आहे असे मानणाऱ्यांनी तो आकडा जरा दोनदा वाचावा.

फेब्रुवारी २०१३ मध्ये अमेरिकी हवाई दलाच्या ‘थर्ड एअर फोर्स’चे प्रमुख लेफ्टनंट जनरल क्रेग फ्रँकलिन यांनी इटलीतल्या अव्हियानो तळावरच्या एका लढाऊ वैमानिकाला झालेली शिक्षा सहीच्या एका फटकाऱ्यात रद्द केली. पाच वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या ज्यूरीने त्याला दोषी ठरवले होते. फ्रँकलिन हे ना न्यायाधीश, ना ते खटल्याला हजर. पण कायद्याने त्यांना तो अधिकार होता. संताप उसळला आणि ४ जूनला सगळ्या दलांचे प्रमुख सिनेटच्या समितीपुढे ओळीने बसले. प्रश्न गंभीर आहे, हे त्यांनी मान्य केले. आणि खटल्याचा निर्णय कमांडरकडून काढून घेऊ नका, अशी त्यांची एकमुखी विनवणी होती. क्राउडर यांचेच उत्तर, ९४ वर्षांनी. हा निर्णय कमांडरकडून काढून घेणाऱ्या, सिनेटर कर्स्टन गिलिब्रँड यांच्या विधेयकाला मार्च २०१४ मध्ये ५५ मते मिळाली. हवी होती ६०.

व्हेनेसा गिएन नावाच्या वीस वर्षांच्या सैनिक मुलीचा २०२० मध्ये टेक्सासच्या फोर्ट हूड तळावर खून झाला नसता, तर हे घोडे तिथेच अडून राहिले असते. एक वरिष्ठ आपला छळ करतो, हे तिने सांगितले होते. खुनी दुसराच होता. पण तिच्या सांगण्याकडे कोणी लक्ष दिले नव्हते, हे लष्कराच्या चौकशीत निघाले. चौदा अधिकारी आणि हवालदारांवर निलंबनाची किंवा बडतर्फीची कारवाई झाली. डिसेंबर २०२१ मध्ये कायदा बदलला, आणि २८ डिसेंबर २०२३ पासून बलात्कार, खून अशा गुन्ह्यांत खटला भरण्याचा निर्णय स्वतंत्र सरकारी वकिलांकडे गेला. हे वकील कमांडरला नव्हे, थेट आपल्या दलाच्या नागरी सचिवाला उत्तरदायी. त्याच्या सहा आठवडे आधी अमेरिकी लष्कराने ह्यूस्टनच्या ११० सैनिकांच्या शिक्षा रद्दबातल केल्या होत्या. एकशे सहा वर्षांनी.

या दोन तारखा जवळजवळ येणे योगायोग असेल, पण त्यांचे नाते खरे आहे. अँसेल भांडले ते आरोपींसाठी, गिलिब्रँड भांडल्या त्या तक्रारदारांसाठी, आणि दोघांची मागणी एकच. कमांडरला न आवडणाऱ्याला फासावर चढवणारा अधिकार आणि त्याच्या लाडक्याला वाचवणारा अधिकार हा एकच अधिकार होता. म्हणून ‘स्वतंत्र वकील आले की निरपराध जवान भरडले जातील’ हा आक्षेप मला पटत नाही. भरडले जाणे आधीच चालू होते. नव्या व्यवस्थेने सारे सुटेल असेही नाही. कोर्ट आजही कमांडरच्याच हुकमाने भरते, आणि सूड घेण्याच्या शंभर रीती कायद्याबाहेरच्या असतात: नको तिथे बदली, थंड पडलेला मेस, रखडलेली बढती.

आता आपल्याकडे. आर्मी ॲक्टच्या कलम ७० प्रमाणे सैनिकाने नागरी व्यक्तीवर बलात्कार केला तर तो खटला साधारणपणे फौजदारी न्यायालयात जातो. प्रत्यक्ष मोहिमेवर, परदेशात किंवा सीमेवरच्या चौकीत असताना मात्र नाही. पीडित व्यक्ती स्वतः लष्करात असेल, तर कोर्ट मार्शलही चालू शकते. आणि जिथे दोन्ही वाटा मोकळ्या, तिथे कोणती धरायची हे कलम १२५ नुसार कमांडर ठरवतो. फौजदारी न्यायालयाने हरकत घेतली तर शेवटचा शब्द केंद्र सरकारचा. न्या. वर्मा समितीने जानेवारी २०१३ मध्ये सुचवले होते की, लैंगिक गुन्ह्यांत सैनिकांवर खटला भरायला सरकारची पूर्वपरवानगी लागू नये. फौजदारी कायदा त्या वर्षी बदलला, अशांत प्रदेशातल्या फौजेला संरक्षण देणारा ‘अफ्स्पा’ जागचा हलला नाही.

मे २०२५ मध्ये पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या एनडीएतून मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली, सतरा जणी. महाराष्ट्राने त्यांचे कौतुक केले, ते योग्यच होते. त्यांतल्या एखादीवर उद्या सहकाऱ्याने हात टाकला, तर तिच्या प्रकरणाची वाट तिच्याच वरिष्ठाने ठरवावी का? आपल्या खासदारांनी कलम १२५ मधून लैंगिक गुन्हे वगळणारी दुरुस्ती मागावी. त्यामुळे लष्कराच्या कोणत्याही मोहिमेत अडथळा येत नाही, आणि आपल्याकडे एखादा फोर्ट हूड घडायची वाट बघण्याचीही गरज नाही.