भाषा नावावरून ओळखू नका, विचारा

कर्जाचा थकलेला हप्ता, दवाखान्यातली तपासणीची वेळ, शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख. असे कितीतरी निरोप आता माणूस देत नाही. फोनवर यंत्र वाचून दाखवते. ज्यांना वाचता येते ते नंतर मेसेज उघडून खात्री करून घेतात. ज्यांना वाचता येत नाही किंवा दिसत नाही, त्यांच्यासाठी मात्र तो आवाज हाच कागद असतो. 2011च्या जनगणनेत महाराष्ट्रातील साक्षरता 82 टक्क्यांच्या आसपास होती. म्हणजे सात वर्षांवरील दर सहा जणांत किमान एक जण असा. म्हणून हा आवाज कोणत्या भाषेत बोलतो, आकडे कसे वाचतो आणि आपले नाव कसे घेतो, हा नागरी हक्काचा प्रश्न आहे. तो केवळ तंत्रज्ञांवर सोडून चालणार नाही.

यंत्राला मजकूर कसा वाचायचा हे सांगण्यासाठी खुणांची एक ठरलेली भाषा आहे. तिचे नाव एसएसएमएल. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तिची पहिली आवृत्ती 7 सप्टेंबर 2004 रोजी मंजूर केली. नाटकाच्या संहितेत कंसात ‘थांबून’, ‘हळू आवाजात’ असे लिहिलेले असते, तशाच या खुणा. इथे थांब, हा शब्द असा उच्चार, ही तारीख आहे, हा फोन नंबर आहे म्हणून अंक सुटे वाच. आणि सर्वांत महत्त्वाचे, हा मजकूर अमुक भाषेतला आहे. भाषा सांगणारी ही खूण नियमाप्रमाणे सक्तीची आहे.

तिची गरज का, हे मराठी माणसाला सांगायला नको. ‘जात प्रमाणपत्र’ आणि ‘मी घरी जात आहे’ या दोन्हींत अक्षरे तीच, पण पहिला ‘ज’ जमिनीतला आणि दुसरा जागेतला. ‘चार माणसे’ आणि ‘गुरांना गवत चार’ यांचेही तेच. उर्दूची अडचण वेगळी. जेर-जबर-पेश सहसा लिहिले जात नाहीत, त्यामुळे ‘इस’ आणि ‘उस’ हे शब्द लिपीत सारखेच दिसतात. आकड्यांचे पाहा. 48,21,500 ही रक्कम मराठीत अठ्ठेचाळीस लाखांनी सुरू व्हायला हवी आणि 4821 हा ओटीपी असेल तर ‘चार आठ दोन एक’ असाच यायला हवा. 05/06 म्हणजे 5 जून की 6 मे, यावर कुणाची तरी सुनावणी हुकू शकते.

पहिल्या आवृत्तीत आशियातल्या भाषांच्या गरजा पुरेशा आलेल्या नाहीत, हे त्या संस्थेच्याही लक्षात आले. मग त्यासाठी बीजिंग, ग्रीसमधले क्रीट आणि जानेवारी 2007मध्ये आपले हैदराबाद अशा तीन ठिकाणी कार्यशाळा झाल्या. 2010 साली आलेल्या 1.1 या आवृत्तीत भाषा बदलण्यासाठी स्वतंत्र खूण आली. त्याआधी 2008 साली उच्चारकोश लिहिण्याची वेगळी पद्धतही मंजूर झाली होती. ‘हा शब्द असा लिहितात, असा उच्चारतात’ अशा जोड्यांची ती यादी. थोडक्यात, साधने कधीचीच तयार आहेत. मराठीत बोलणारे आणि भारतीय उर्दूत बोलणारे यंत्र-आवाजही बाजारात आहेत. मायक्रोसॉफ्टकडे मराठीसाठी आरोही आणि मनोहर, तर भारतीय उर्दूसाठी गुल आणि सलमान नावाचे आवाज आहेत.

मग घोडे अडते कुठे? ते अडते जोडणीत. मोठ्या कार्यालयात एकच सॉफ्टवेअर नसते. ग्राहकाची नोंद एका ठिकाणी, हिशेब दुसऱ्या ठिकाणी, निरोप तयार करणारी यंत्रणा तिसरी, फोन लावणारी चौथी आणि बोलणारी पाचवी. या पाच जणांना जोडण्याचे कंत्राट सहाव्याकडे. माहिती एका यंत्रणेतून दुसरीत जाताना जे रकाने समोर नसतात ते गळून पडतात, आणि भाषेचा रकाना त्यात सर्वांत आधी पडण्याची भीती असते, कारण तो पडला म्हणून हिशेब चुकत नाही. नावाचीही तीच गत. नाव रोमन लिपीत साठवले की ‘ळ’ संपला. तांबोळी, दळवी, काळे हे सगळे एका रांगेत ‘तांबोली, दलवी, काले’ होतात. एखाद्या दुकानाच्या नावात ‘&’ हे चिन्ह असेल आणि ते योग्य रीतीने बदलून पुढे पाठवले नाही, तर खुणांचा सगळा मजकूरच बाद ठरतो आणि निरोप जातच नाही.

खरा धोका मात्र यापुढचा आहे. भाषेचा रकाना रिकामा आला की कुणीतरी तो अंदाजाने भरतो, आणि अंदाजाचे सर्वांत सोपे साधन म्हणजे नाव. शेख, मोमीन, बागवान दिसले की उर्दू किंवा हिंदी. कुलकर्णी, पाटील दिसले की मराठी. ही सवय यंत्राने शोधलेली नाही, ती कार्यालयांतल्या खिडक्यांवर जुनीच आहे. महाराष्ट्रात उर्दू मातृभाषा सांगणारे 2011च्या जनगणनेत 75 लाखांच्या आसपास होते, आणि त्यांना उर्दूत निरोप मिळण्याचा हक्क आहे. पण कोकणातल्या मुसलमान घरांत कोकणी-मराठी बोलली जाते. पश्चिम महाराष्ट्रातल्या कितीतरी तांबोळी-आतार घरांतली मुले मराठी शाळेतच शिकली. त्यांच्यावर नावावरून भाषा लादणे म्हणजे त्यांचे मराठीपण एका रकान्यात पुसून टाकणे. माणसाने हे केले तर निदान त्याला ‘मला मराठी येते’ असे सांगता येते. यंत्राशी हुज्जत घालता येत नाही.

याच नियमपुस्तकातली एक तरतूद पाहण्यासारखी आहे. आवाजाला सांगितलेली भाषा बोलता येत नसेल तर काय करायचे, याचे चार पर्याय 1.1 आवृत्तीत दिलेले आहेत: आवाज बदला, तो मजकूर गाळा, भाषेकडे दुर्लक्ष करून आहे त्या आवाजात वाचा, किंवा यंत्रणेला वाटेल ते करू द्या. काहीच निवडले नाही तर शेवटचा पर्याय लागू होतो. वरवर ही तांत्रिक बाब दिसते. पण मजकूर गाळायचा की आवाज बदलायचा, हा निर्णय म्हणजे एखाद्या माणसाला माहिती द्यायची की नाही हा निर्णय आहे. तो जोडणी करणाऱ्या कुणा अनाम अभियंत्याने घेऊ नये. तो करारात लिहिलेला असावा.

यावर एक उत्तर हमखास मिळते: आता कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे संदर्भ पाहून उच्चार ओळखतात, खुणांची कटकट कशाला? ‘जात’चा योग्य ‘ज’ वाक्यावरून ओळखता येईल, हे मान्य. पण मला निरोप मराठीत हवा की उर्दूत, हे कोणत्याही वाक्यात लिहिलेले नसते. ते मला विचारूनच कळते. यंत्र जितके हुशार, तितका त्याचा अंदाज आत्मविश्वासाने चुकेल आणि चूक लक्षात येणेही तितकेच अवघड होईल. शिवाय प्रत्येक कंपनी प्रमाण खुणांपैकी काहीच मानते आणि स्वतःच्या काही जोडते. त्यामुळे करारात स्पष्ट लिहिले नाही, तर कंत्राटदार बदलताच केलेले काम वाया जाते.

म्हणून मागण्या साध्या आहेत. सार्वजनिक पैशाने उभ्या राहणाऱ्या प्रत्येक यंत्रणेत भाषा नागरिकाला विचारून नोंदवावी, त्याला ती कधीही बदलता यावी आणि शेवटच्या टोकापर्यंत ती पोचवणे बंधनकारक असावे. नाव रोमनसोबत देवनागरीत, आणि हवे असल्यास उर्दू लिपीतही साठवावे. गावे, आडनावे, योजना यांचा उच्चारकोश शासनाने खुला ठेवावा. हवी ती भाषा उपलब्ध नसेल तर निरोप गाळू नये, माणसाकडे वळवावा. आणि काम स्वीकारण्यापूर्वी ती भाषा घरात बोलणाऱ्यांनी निरोप कानाने ऐकून तपासावेत. अपंग व्यक्ती हक्क कायदा, 2016 याच्या कलम 42 मध्ये ध्वनिमाध्यमातली माहितीही सर्वांना वापरता येईल अशा स्वरूपात असावी, असे म्हटलेच आहे. वापरता येणे म्हणजे समजणेही.

काही काम आपलेही आहे. मोहल्ल्यातल्या वाचनालयांनी आणि शाळांनी आपल्या भागातली नावे बरोबर उच्चारांसह नोंदवायला घेतली, तर उच्चारकोशाचे निम्मे काम होईल. आणि पुढच्या वेळी बँकेत किंवा सरकारी दवाखान्यात गेलात तर एवढेच विचारा: “माझ्या नोंदीत भाषा कोणती लिहिली आहे, आणि ती कुणाला विचारून लिहिली?”