नेटवर्क सगळ्यांचं, मग राख एकट्या चंद्रपूरची का?

पर्यावरण हा पोट भरलेल्यांचा विषय आहे, आपण आधी शिष्यवृत्ती, घरकुल आणि अ‍ॅट्रॉसिटीचं बघू, असं आपल्याच बैठकांमधून वारंवार ऐकू येतं. आम्हाला हे मान्य नाही. धूर आणि राख कुणाच्या दारात पडते, हे या देशात कधीच योगायोगाने ठरलेलं नाही. म्हणूनच मोबाईल नेटवर्क किती वीज खातं, हा प्रश्न फक्त इंजिनिअरांवर सोडून चालणार नाही.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. आमचा नेटवर्कला विरोध नाही. महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा, रेशनचं ई-केवायसी करायचं, आधारचा ओटीपी मिळवायचा, तर मोबाईल लागतोच. ताडीवाला रोड असो की रामटेकडी, वस्तीतल्या माणसाचा सरकारशी संबंध आता रेंजवर अवलंबून आहे. त्यामुळे नेटवर्क हवंच. त्याची किंमत कोण मोजतंय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

मोबाईल कंपनीच्या नेटवर्कला लागणाऱ्या विजेपैकी सुमारे तीन-चतुर्थांश वीज टॉवरवरची रेडिओ यंत्रणा आणि तिला थंड ठेवणारी साधनं खातात. ही यंत्रणा गर्दीच्या वेळेचा हिशेब धरून बसवलेली असते. रात्री तीन वाजता लक्ष्मी रोडवर चिटपाखरू नसतं, तरी तिथली यंत्रं दिवसाच्या तुलनेत फारशी कमी वीज घेत नाहीत. उपाय नाहीत असं नाही. गर्दी नसताना काही वाहिन्या आपोआप झोपवता येतात. एसी लावलेल्या खोलीऐवजी बाहेरच्या हवेवर थंड होणारी कॅबिनेट वापरता येतात. एकाच टॉवरवर अनेक कंपन्यांना सामान बसवता येतं. शिशाच्या बॅटऱ्यांऐवजी लिथियमच्या बॅटऱ्या आणि जोडीला सौर पॅनेल लावून डिझेल कमी करता येतं. ही सगळी तंत्रं आज वापरात आहेत. ती प्रत्येक टॉवरवर का नाहीत, याचं उत्तर पैशात आहे.

५जी आलं की हा प्रश्न सुटेल, असंही सांगितलं जातं. १ ऑक्टोबर २०२२ ला देशात ५जीची घोषणा झाली, तेव्हा पहिल्या शहरांच्या यादीत पुणे होतं. तेवढाच डेटा पाठवायला ५जीला कमी वीज लागते, हे खरं. पण डेटाचा वापरच कित्येक पटींनी वाढला आणि जुन्या यंत्रणेच्या जोडीला नवी उभी राहिली, तर एकूण वीज वाढतेच. जाहिरातीत पहिलं वाक्य छापतात, दुसरं गाळतात.

ही वीज येते कुठून? पुणे शहरात वीज फार वेळ जात नाही. त्यामुळे जनरेटरचा धूर इथे कमी दिसतो आणि आपल्याला वाटतं की आपलं नेटवर्क स्वच्छ आहे. पण महाराष्ट्राची बरीचशी वीज आजही कोळशावर तयार होते. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र एकटंच २,९२० मेगावॉट क्षमतेचं आहे. पुणेकर व्हिडिओ बघतो, पण श्वासात राख जाते ती चंद्रपूर, कोराडी, खापरखेड्याच्या माणसाच्या. स्वतःची घाण दुसऱ्याच्या वस्तीत नेऊन टाकायची आणि आपण शुद्ध राहायचं, ही रीत आपल्या समाजाला कुणी नव्याने शिकवायला नको!

नियम नव्हते असंही नाही. जानेवारी २०१२ मध्ये केंद्राच्या दूरसंचार विभागाने आदेश काढला. २०१५ पर्यंत ग्रामीण भागातले ५० टक्के आणि शहरी भागातले २० टक्के टॉवर मिश्र विजेवर, म्हणजे अपारंपरिक ऊर्जा आणि ग्रिडची वीज यांच्या जोडीवर, चालवायचे होते. २०२० पर्यंत हे प्रमाण अनुक्रमे ७५ आणि ३३ टक्क्यांवर न्यायचं होतं. कंपन्यांनी खर्चाचं कारण पुढे केलं. कार्बन किती सोडला, हेही कंपन्यांनी स्वतःच जाहीर करायचं, अशी सोय ठेवली गेली. म्हणजे परीक्षाही आपणच द्यायची आणि पेपरही आपणच तपासायचा. २०२० उलटून गेलं. आपल्या प्रभागातले किती टॉवर मिश्र विजेवर आहेत, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल?

इथे आपल्या तरुणांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. वस्तीत टॉवर आला की कॅन्सरच्या भीतीने मोर्चा निघतो. पण टॉवरच्या लहरी क्ष-किरणांसारख्या आयनीकरण करणाऱ्या नसतात, आणि १ सप्टेंबर २०१२ पासून भारतातली त्यांची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक-दशांश आहे. आपण बुद्धाच्या मार्गावरचे लोक आहोत. ऐकीव भीतीवर आंदोलन उभं करू नये. लहरींवर घोषणा देताना टॉवरच्या पायथ्याचा जनरेटर आणि बॅटऱ्यांची खोली आपल्या नजरेतून सुटते, आणि कंपनीला तेच हवं असतं.

बॅटऱ्यांचं काय होतं, हेही विचारा. बॅटरी कचऱ्याचे २०२२ चे नियम उत्पादकावर जबाबदारी टाकतात. तरीही शिशाची बॅटरी बेकायदा भट्टीत गेली, तर ते शिसं पहिल्यांदा भट्टीवरच्या मजुराच्या रक्तात आणि त्याच्या लेकरांच्या मेंदूत जातं. आपले जुने फोन आणि चार्जर कचरा वेचणाऱ्या बायांच्या हातात येतात. याच पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्या सभासदांत बहुसंख्य दलित स्त्रिया आहेत. हरित नेटवर्कच्या चकचकीत अहवालात या बायांना हातमोजे, योग्य दर आणि अधिकृत स्थान नसेल, तर तो अहवाल आमच्या दृष्टीने रद्दी आहे.

सगळ्यात सावध राहायला हवं ते एका सोप्या उपायापासून. जुनी यंत्रणा बंद केली की वीज वाचते, म्हणून २जी बंद करा, असा सूर निघतो. जुलै २०२० मध्ये मुकेश अंबानींनीच २जी इतिहासजमा करण्याची हाक दिली होती. पण साधा फोन वापरतो कोण? घरकाम करणारी मावशी, बिगारी, गावाकडची आजी. मोठ्या ग्राहकाचा अमर्याद डेटा तसाच ठेवायचा आणि काटकसर मावशीच्या ओटीपीत करायची, याला पर्यावरण म्हणत नाहीत. २जी जरूर बंद करा, पण आधी तिच्या हातात परवडणारा फोन आणि परवडणारं रिचार्ज द्या.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम सदस्य होते आणि वीज त्यांच्याच खात्यात होती. वीज स्वस्त आणि मुबलक असल्याशिवाय औद्योगिकीकरण नाही, आणि औद्योगिकीकरणाशिवाय गरिबीतून सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. वीज कुणाच्या मालकीची असावी, हा प्रश्न त्यांनी १९४३ मध्येच समोर ठेवला. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये तर मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, असं त्यांनी लिहून ठेवलं. आज मोबाईल नेटवर्क तितकंच मूलभूत झालंय. त्याच्या विजेचा हिशेब मागणं हे बाबासाहेबांचंच अर्धवट राहिलेलं काम आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पुणे महापालिकेने प्रभागनिहाय टॉवरची यादी लावावी: वीज कुठली, जनरेटर आहे की नाही, मिळकतकर भरला की नाही. कार्बनचा हिशेब कंपनीने नव्हे, त्रयस्थ यंत्रणेने तपासावा. बॅटऱ्या आणि ई-कचऱ्याच्या कामात कचरावेचकांच्या संघटनांना हक्काची जागा मिळावी. पर्याय दिल्याशिवाय २जी बंद होऊ नये.

खाजगी कंपनीला माहिती अधिकार थेट लागू होत नाही. पण सरकारी कार्यालय कायद्याने कंपनीकडून जी माहिती मागू शकतं, ती त्या कार्यालयामार्फत आपल्यालाही मागता येते. दहा रुपयांचा अर्ज आहे. महापालिका, महावितरण, दूरसंचार विभाग, तिघांकडे टाका. पुढच्या जयंतीच्या वर्गणीतले तीस रुपये यासाठी बाजूला काढा, डीजेचा आवाज तेवढ्याने कमी होणार नाही.

जय भीम!